नुआनची गाडी गळते

पुलावरून उतरताना पुढचा भाजीचा टेम्पो अचानक थांबला, नुआननं ब्रेक दाबला, आणि गाडीच्या छतात कुठंतरी साठलेलं पाणी पुढं धावत येऊन थेट तिच्या मानेवर ओतलं गेलं. थेंब नव्हे, चांगलं ओंजळभर, गार, जुन्या गोणपाटाच्या वासाचं. ती दचकली, तिनं मान आत घेतली, पाणी पाठीवरून सरळ खाली कमरेपर्यंत उतरलं. पण खरं दचकायचं पुढंच होतं. शेजारच्या सीटवर बसलेली तिची आई, खामसाई, समोरच्या काचेतून बघत अगदी सहज म्हणाली, "भिजलीस की गं, नुआन." टेम्पो निघून गेला, रस्ता मोकळा झाला, मागं दोन-चार मोटारसायकली उभ्या राहून वाट बघायला लागल्या, तरी नुआनचा पाय ब्रेकवरून हलेना. गेल्या पावसाळ्यापासून आईनं तिला नावानं हाक मारली नव्हती. ते नाव आईच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळेल ही आशा तिनं सोडून दिली होती, आणि सोडून दिलीय हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

घरात ती आईची नर्सबाई होती. कधी शेजारीण, कधी पाणी भरायला ठेवलेली बाई, पण बहुतेक वेळा नर्सबाई. सकाळी नुआन चिकट भाताचा गोळा आणि कुस्करलेला मासा समोर ठेवायची तेव्हा खामसाई दोन्ही हात जोडून तिला नमस्कार करायची, आभार मानायची, तुमच्या घरी कोण कोण असतं म्हणून चौकशी करायची. मोठ्यांनी लहानांना आधी हात जोडले तर लहानांचं आयुष्य कमी होतं असं त्यांच्या लांपांग गावातल्या कुठल्याही पोराला विचारलं तरी सांगेल. नुआन काही पोर नव्हती, पंचावन्न उलटून गेली होती, बँकॉकमध्ये जहाजाच्या कंपनीत अर्धं आयुष्य हिशेब करून आली होती, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तरी आईचे हात जुळायला लागले की ती झटकन खाली वाकायची, काहीतरी पडलंय असं दाखवायची, ताटलीच्या उंचीच्याही खाली डोकं न्यायची. म्हणजे नमस्कार वरून निघून जाईल, भिंतीला लागेल. दिवसातून कितीदा तरी ती अशी वाकायची आणि खामसाई काळजीनं विचारायची, "कंबर दुखते का हो तुमची?"

त्या पुलावरच्या पाण्यानंतर मात्र गाडीत नाव येऊ लागलं. घराच्या फाटकातून गाडीत बसेपर्यंत ती नर्सबाई. दार लागलं, गाडी निघाली, नदीचं वळण आलं, की कुठंतरी आई बोलायची. नुआन, दार नीट लाव. नुआन, त्या कुत्र्याला जपून. नुआन, तू आज जेवली नाहीस. साधंच, पूर्वी नको नको व्हायचं असलं बोलणं, पण नुआन ते चाखत माखत ऐकायची. बाहेर पाऊस असायचा, आत पायाखालची मॅट ओली, सीटच्या फोममध्ये पाणी शोषलेलं, सगळ्या काचांवर वाफ धरलेली. खामसाई बोट उचलून शेजारच्या काचेवर काढायला लागायची. आधी एक वाकडी रेघ, मग तिच्यातून फुटणाऱ्या तीन लांब रेघा, मग खाली गवताचे फटकारे. कोंबडा. कुंभारशाळेत वाडग्यांवर कोंबडे रंगवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. नुआन लहानपणी त्या शेडमध्ये ओल्या मातीच्या ढिगाजवळ फळीवर निजायची, कौलांवरून पाणी ठिबकत असायचं, बायका न बोलता कुंचले चालवत असायच्या, आणि झोपेतसुद्धा नाकात तो मातीचा गार, जरासा कुजका वास असायचा. आता वायपर चालायचे, पूल यायचा, स्टेशन यायचं, तोच वास, तीच ठिबक, आणि नुआनला वाटायचं की आपण गाडी चालवतच नाही, फळीवर पडून आहोत, आणि हा रस्ता कुणीतरी दुसरंच आपल्या झोपेखालून ओढून नेतंय. मग कोंबड्याच्या तुऱ्यावरून पाण्याचा ओघळ खाली यायचा, चित्र फिसकटायचं, आणि ती भानावर येऊन गिअर बदलायची.

गाडी जुनी होती. बँकॉकमध्ये बढती मिळाली तेव्हा नुआननं ती आधीच दोन मालक झालेली घेतली होती, छतात सरकणारी काच आहे या एकाच गोष्टीवर भाळून. रात्रभर चालवत ती गाडी आईला दाखवायला आणली. खामसाईनं तिच्याभोवती एक फेरी मारली, वर बघितलं आणि म्हणाली, छपराला भोक पाडलेलं घर कुणी विकत घेतं का? एवढंच. मग दोघी विहारात गेल्या. थोरल्या भंत्यांनी मंत्र म्हणत पांढऱ्या गंधाचा हात वर नेला आणि चालकाच्या डोक्यावर, छताच्या करड्या अस्तरावर ठिपक्यांची रांग काढली, तिच्यावर एक शेंडी काढली, स्टिअरिंगला दोरा बांधला. भंते जाऊन बरीच वर्षं झाली. दोरा कधीच कुजून पडला होता. ठिपके तेवढे होते, फिकट, पण मोजता येतील असे. आणि आता सनरूफच्या कोपऱ्यातून निघालेला चहाच्या रंगाचा ओला डाग अस्तरावरून पसरत त्या ठिपक्यांकडे निघाला होता. रोज संध्याकाळी गाडी लावल्यावर नुआन डागाच्या काठावर बोट ठेवून बघायची. काल इथवर होता. आज नखभर पुढं आला होता.

तिनं काहीच केलं नसतं. ही गोष्ट तिला स्वतःशी कबूल करायला लाज वाटायची, पण तिनं डागाला ठिपके गिळू दिले असते, सीटवर अळंब्या उगवू दिल्या असत्या, नावासाठी. पण खामसाई खोकायला लागली. आधी गाडीत, मग घरीही, रात्री बसून. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईनं छातीला नळी लावली, मग वासाचा माग काढल्यासारखं नुआनच्या बाहीकडे नाक नेलं आणि विचारलं, घरात बुरशी कुठं आहे? नुआननं गाडीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, एक तर गाडी कोरडी करा, नाहीतर आजींना तिच्यात बसवणं बंद करा, या वयात फुप्फुसाला ओल धरली तर मी काही करू शकणार नाही. नुआननं मान हलवली. परत येताना तिनं रिक्षा केली. रिक्षात खामसाई तिच्याकडे वळून म्हणाली की नर्सबाई, तुम्ही फार दमलेल्या दिसता, आणि हात जोडले. रिक्षात वाकायला जागा नव्हती.

म्हणून मग प्रीदा. रेल्वेच्या रुळांपलीकडे त्याची पत्र्याची शेड, तिच्यात जुन्या गाड्यांची गर्दी आणि मधोमध तो, पोट सुटलेला, बोलण्यात पटाईत, स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. त्यानं मॅट उचलून बघितली, वास घेतला, तोंड वाकडं केलं. म्हणाला, ताई, यात मासे सोडा, वर्षभर बाजारात जायला नको. मग त्यानं ठामपणे सांगितलं की दाराची रबरं गेलीत, दुसरं काही नाही. रबरं बदलली. पाणी आलं. मग ठामपणे सांगितलं की समोरच्या काचेची खाच उघडी पडलीय. सगळीकडून सिलिकॉन ओतून काच अशी चिकटवली की मरणापर्यंत निघू नये. पाणी आलं. तिसऱ्यांदा नुआन गेली तेव्हा तो ठामपणे काही सांगायच्या आत ती म्हणाली की आज आपण दोघांनी नीट शोधायचं, तू बाहेर, मी आत.

त्यांनी दारांच्या आणि काचांच्या कडांना तांदळाचं पीठ लावलं. पाणी जिथून येईल तिथं पीठ ओलं होऊन काळपट रेघ उमटते. प्रीदानं नळी घेतली आणि खालून वर पाणी सोडायला सुरुवात केली, आधी दाराच्या पायापाशी, मग मध्यावर, मग काचेवर, कारण वरून एकदम सोडलं तर पाणी कुठून आलं ते कळत नाही. नुआन टॉर्च घेऊन आत बसली, सगळी दारं बंद. बाहेर पाण्याचा पडदा, त्यामागं प्रीदाचा पोटाळ रंगीत डाग हलतोय, आवाज दूरचा, बुडालेला. आत पिठाच्या पांढऱ्या रेघांनी आखलेली एवढीशी खोली. तिला वाटलं, आईच्या डोक्यात असंच असणार. सगळं जग बाहेर काचेपलीकडे हातवारे करतंय, काहीतरी सांगतंय, आत फक्त पाण्याचा आवाज. आणि कुठूनतरी एका फटीतून, कुणालाच माहीत नसलेल्या, एक नाव आत झिरपतं. ती फट कुठं आहे ते सापडलं तर काय करायचं, मोठी करायची की बुजवायची? खालचं पीठ कोरडं होतं. मधलं कोरडं होतं. प्रीदा पाणी वर वर नेत होता. बँकॉकच्या खोलीत रविवारी दुपारी ती अशीच पडून असायची, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा आवाज ऐकत, आईला फोन करायचा म्हणून पडून, आणि फोन न करता झोपून जायची. आईशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं हे तिला कधी सुचलंच नाही. आईलाही सुचत नसावं. दोघी जेवलीस का विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. सगळी रबरं कोरडी राहिली, पाणी छतावर पोहोचलं, आणि थोड्या वेळानं अस्तराचा तो डाग गडद व्हायला लागला, जणू कुणी आतून श्वास सोडतंय.

प्रीदानं नळी बंद केली. सनरूफच्या चौकटीत पाणी उतरतंच, तो म्हणाला, ते वाहून न्यायला चार कोपऱ्यांत चार बारीक नळ्या असतात, दारांच्या खांबांतून खाली जातात. उजवीकडची पुढची नळी फाटली असणार. ती बघायची तर अस्तर खाली उतरवावं लागेल. एवढं बोलून त्यानं वर बघितलं, ठिपक्यांकडे, आणि नकळत हात कपड्याला पुसले.

"मी नाही उतरवणार, ताई," तो म्हणाला. "थोरल्या भंत्यांच्या हातचं आहे. तुम्ही विहारात विचारून या, नवे भंते काही म्हणतील ते करू."

"अस्तर कुजून ठिपके जातील तेव्हा कुणाला विचारायचं?"

"तेव्हा ते पावसानं नेले असं होईल. मी नेले असं नाही होणार."

नुआनलाही ते उतरवायचं नव्हतं. खरं म्हणजे तिला वाटत होतं की नाव आहे ते तिथंच आहे, त्या ठिपक्यांच्या खाली. आई त्याच छताखाली बसते, वर गंध आहे, म्हणून तिला आठवतं. बाकीची गाडी बदलली तरी चालेल, ठिपके राहिले पाहिजेत. अशा हिशेबाला काही आधार नव्हता आणि ती तर हिशेबाचीच माणूस, पण रात्रभर आईचा खोकला ऐकत पडलेल्या माणसाचे हिशेब असेच होतात. ती रोज विहारात जायचं ठरवायची आणि जात नव्हती. आईला गाडीतून फिरवणं बंद होतं. घरात नर्सबाईचा मान चालू होता. कंबर दुखत नसताना ती दिवसभर वाकत होती. एके सकाळी ती अंगणात गाडीचं छत उघडून नुसतीच बसली असताना तिनं प्यायच्या पाण्याचा मग उचलला आणि चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात थोडं ओतलं. पाणी गुडगुड करून गेलं आणि मागच्या चाकाजवळ खाली पडलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पुढच्या डाव्या कोपऱ्यातही. पुढच्या उजव्या कोपऱ्यात ओतलं तर ते तिथंच राहिलं, बघत राहिलं, आणि काठ ओलांडून अस्तरात शिरलं. फाटलेल्या नळीत पाणी थांबत नाही, ते जातं. थांबतं ते तुंबलेल्या नळीत. तिनं बोट घातलं. बोटाच्या टोकाला पांढरं, घट्ट, चुन्यासारखं काहीतरी आलं.

ती ते बोट बघत बसली. सोंगक्रान. दर एप्रिलला नव्या वर्षाच्या पाण्यात गल्लीतली पोरं पांढऱ्या मातीचं वाटण बादलीत कालवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गालांना लावतात, गाड्यांना थापतात. आणि खामसाई, जी एरवी पोरांना ओरडायची, ती दर वर्षी स्वतः मूठभर वाटण घेऊन यायची आणि गाडीच्या छतावर, बरोबर चालकाच्या डोक्यावर, थापायची. म्हाताऱ्यांच्या हातचं लागलं की वर्षभर अपघात होत नाही म्हणून. मग नुआन बादल्यांनी छत धुवायची, वाटण पातळ होऊन चौकटीत उतरायचं, नळीत जायचं, आणि वर्षानुवर्षं थरावर थर वाळत बसायचं. कोपरा नेमका उजवा, कारण थापणं नेमकं तिथं. म्हणजे भोक आईनंच बुजवलं होतं, नुआनच्याच डोक्याची काळजी करता करता. नुआनला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि अंगणात कुणी नाही म्हणून तिनं ते होऊ दिलं.

प्रीदानं सायकलच्या ब्रेकची तार आणली आणि कोमट पाणी. तो आता ठामपणे सांगत होता की त्याला पहिल्यापासून हाच संशय होता. तार वरून घातली, फिरवली, थोडी गेली, अडली, पुन्हा फिरवली. नुआन पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी उकिडवी बसली होती, जिथं ती नळी खाली उघडते. बराच वेळ काही नाही. मग एक पांढरा बुळबुळीत तुकडा, मग आणखी, आणि मग एकदम पाणी, दाट, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं, तिच्या पावलांवर. ते वाहत राहिलं आणि हळूहळू नितळ झालं. अस्तराला हात लावायची वेळ आली नाही. ठिपके होते तिथं राहिले.

मग उन्हाचे दिवस लागले. पावसाळा संपत आला होता, विहारात वर्षावासाच्या सांगतेची तयारी चालली होती. सीट काढून अंगणात मांडल्या, मॅट दोरीवर टाकल्या, फोम पिळून उलटसुलट वाळवला, आतली बुरशी व्हिनेगरनं पुसून काढली. डाग वाळून पिवळी कड तेवढी राहिली. नळीनं पाणी मारून बघितलं, आत टिपूस नाही. खामसाईचा खोकला बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती साफ आहे, खुशाल फिरवा. नुआनचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी तिनं आईला केस विंचरून दिले, झुळझुळीत पांढरा ब्लाउज घातला, आणि दार उघडून तिला तिच्या जागी बसवलं.

पूल आला. नदीवर ऊन पडलं होतं. नुआन वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे आईला दिसू नये म्हणून काहीतरी गुणगुणत रस्त्याकडे बघत होती. काचा स्वच्छ होत्या, सगळं स्पष्ट दिसत होतं, पाण्यावरचे शेवाळाचे पुंजके, स्टेशनासमोरच्या घोडागाड्या, घोड्यांच्या डोक्यावरची कागदी फुलं. खामसाईनं एकदा बोट उचलून काचेला लावलं. काचेवर काही उमटलं नाही. तिनं बोट परत मांडीवर ठेवलं. गाडीत कसलाच वास नव्हता. नुआननं वर बघितलं, ठिपके जागेवर होते, आणि तिला कळलं की ते ठिपके कधीच काही करत नव्हते. तिनं गाडी पुढं नेली. स्टेशन मागं पडलं, बाजार मागं पडला, गल्ली आली, फाटक आलं. सबंध वाटेत आई एक शब्द बोलली नाही.

फाटकाशी गाडी थांबल्यावर खामसाई तिच्याकडे वळली आणि तिनं हात जोडले. "फार उपकार झाले, बाई," ती म्हणाली. नुआन या खेपेला वाकली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ती तशीच बसली आणि नमस्कार तिच्यापर्यंत आला. खामसाईनं फाटकाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मग म्हणाली, "घाई नाही ना तुम्हाला? थोडं थांबायचं आहे. माझी मुलगी येईल एवढ्यात. रोज या वेळेला ती मला गाडीतून फिरवते."

नुआननं विचारलं, "कशी आहे मुलगी?"

"वेडी आहे." खामसाईनं आवाज उतरवला, गल्लीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "पूल ओलांडायचा, स्टेशनावरून वळायचं, परत घरी. तिला वाटतं मला कळत नाही. मला तर गाडीत मळमळतं, पहिल्यापासून."

"मग बसता कशाला?"

"तिच्यासाठी. घरात दिवसभर तोंड एवढंसं करून माझ्या मागं मागं असते बिचारी. कुठं लागतं तिला, ते काही सांगत नाही. गाडीत बसलं की जरा खुलते. मघाशी तर गुणगुणत होती." ती नुआनच्या कानाशी वाकली. "तिला बोलू नका हं हे. लाजेल. बंद करेल फिरवायचं."

"नाही बोलणार," नुआन म्हणाली.

खामसाई समाधान पावली. तिनं मांडीवरची पिशवी सरळ केली, पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला, दाराच्या काचेतून रस्त्याच्या टोकापर्यंत बघून घेतलं. "नुआन नाव तिचं," ती म्हणाली. "येईलच."

नुआननं इंजिन बंद केलं, आणि दोघी तिची वाट बघत बसल्या.